दोन नळांची टाकी

१९६८ साली कमळाकर मास्तरांनी रोह्याच्या रद्दीवाल्याकडून गणिती कोड्यांचे एक जुने पुस्तक घेतले. बांधणी सुटलेली, कागद पिवळा. पण वाघ, शेळी आणि गवत नदीपार नेता नेता मास्तरांच्या दोन एसट्या चुकल्या. सत्तेचाळिसाव्या कोड्याचे उत्तर मात्र वाळवीने खाल्ले होते.

वरचा नळ टाकी चार तासांत भरतो, खालचा सहा तासांत रिकामी करतो. दोन्ही चालू ठेवल्यास टाकी कधी भरेल?

मास्तरांनी उत्तर काढले होते. पण छापील उत्तराशी पडताळल्याशिवाय त्यांना चैन पडेना. त्यांनी पाणी खात्यातल्या हैबतराव अभियंत्यांना पत्र लिहून कोडे विचारले.

कार्यालयाने पत्र ‘तक्रार’ म्हणून नोंदवले. हैबतराव गडब गावाजवळच्या मास्तरांच्या वाडीत पाहणीला गेले. अहवाल दिला : ‘टाकी जागेवर आढळली नाही.’

वरून विचारणा झाली, “टाकी नसताना ती सहा तासांत रिकामी कशी होते? खुलासा करावा.”

नोकरी जायची वेळ आली. हैबतरावांनी तीन महिन्यांत टाकी उभी केली, पत्राबरहुकूम. वर एक नळ. खाली एक, तो थेट खाडीत. आपले कोडे सिमेंटात उभे पाहून मास्तरांचा ऊर भरून आला.

मैलभर लांबच्या विहिरीवरून पाणी आणणारी पुतळी हंडा घेऊन पुढे झाली. “सायेब, पानी कवा?”

“टाकी पूर्ण भरल्यावर. नियम आहे. वरच्या नळाला पुरवठा रोज दोन तास.”

“मंग खालचा नल बंद करा ना! पानी सगला खाडीत चाललाय.”

“बाई,” हैबतराव कळवळून म्हणाले, “मग उदाहरणच बदलतं!”

मास्तर खजील झाले. नळ बंद करण्याचा अर्ज त्यांनी त्याच दिवशी दिला. ‘मूळ तक्रारीत दोन्ही नळ चालू आहेत’ या शेऱ्यासह तो परत आला.

टाकी भरेना, तेव्हा खात्याने जनतेचे सहकार्य मागितले. टाकी कधी भरेल? उत्तरे रीतीसह पाठवावीत. एक हजार तीनशे सोळा उत्तरे आली. शिक्षक, वकील, धाटावच्या कारखान्यांतले शिफ्टवाले, सगळ्यांचे एकच : बारा तास. पुतळीने अंगठा उठवून ‘नल बंद करा’ एवढेच लिहवून घेतले होते. रीत दाखवली नाही, म्हणून ते बाद झाले.

पुतळी अजून विहिरीवर जाते.

वाचकहो, कोडे वाचताना आपणही मनात बाराच काढले ना? बरोबर आहे. पैकीच्या पैकी गुण.