गालिचे काढा!

कुणाला गाणं येतं, कुणाला पोहणं येतं, कुणाला सासूशी गोड बोलता येतं. मला उभं राहता येतं! हसू नका. एका पायावर, डोळे मिटून अशी उभी राहते, की बगळ्यानं येऊन माझ्याकडे शिकवणी लावावी. यंदाच्या तपासणीत डॉक्टरीणबाई म्हणाल्या, "हाडं होती तिथेच टिकून आहेत, शाबास!" तेव्हापासून तर मी जमिनीपासून चार बोटं वरूनच चालते आहे.

पण ही कला शिकताना जे रामायण झालं, ते ऐका.

मी पडद्यांच्या दुकानात पडदे शिवते. मुळातच तंद्रीतली बाई. मशीन चालू झालं की मी कुठेतरी ढगांत, आणि शिवण मात्र सरळ! मध्यंतरी मला स्तनाचा कॅन्सर झाला. ऑपरेशन झालं, केमो झाली, रेडिएशन झालं. केस गेले, परत आले, आणि येताना कुरळे होऊन आले! मग सुरू झाली हार्मोनची गोळी. रोज एक, पाच वर्षं.

"ही गोळी अंगातलं इस्ट्रोजेन अगदी तळाला नेते," डॉक्टरीणबाईंनी समजावलं. "तुमच्या कॅन्सरला तेच खाद्य लागतं, म्हणून त्याचं रेशन बंद. पण हाडंही त्याच्याच जिवावर तगून असतात ना! ती झिजायला लागतात."

हाडांची घनता मोजायला मला एका टेबलावर आडवं केलं. वरून एक दांडा इतका हळू, इतका लाडानं सरकत गेला, की मला तिथेच डुलकी लागली. जागी झाले तो निकाल हातात.

"हाडं जराशी विरळ झाली आहेत," डॉक्टरीणबाई म्हणाल्या.

"विरळ म्हणजे किती? मलमलीसारखी?"

"इतकी नाही हो! पण वीण सैल व्हायला लागली आहे. ती आपण धरून ठेवायची."

मग त्यांनी सांगितलं. कॅल्शियम, डी जीवनसत्त्व, आणि हाडांसाठी आठवड्यातून एक वेगळी गोळी. ती सकाळी उपाशीपोटी पेलाभर पाण्याबरोबर घ्यायची आणि नंतर अर्धा तास खायचं नाही, आडवं व्हायचं नाही. शिवाय झपझप चालायचं, जिने चढायचे, आधार धरून एका पायावर उभं राहायचं, म्हणजे तोल सुधारतो.

"आणि मुख्य म्हणजे पडायचं नाही! घरातले गालिचे, सतरंज्या, सगळं काढा."

शेजारी आमचे हे बसले होते. हे लिफ्ट दुरुस्त करतात. माणसाला जिना चढू द्यायचा नाही, हेच ज्यांच्या आयुष्याचं ध्येय, त्यांच्यासमोर बायकोला जिने चढायला सांगितलेले! चेहरा असा झाला, जशी दोन मजल्यांच्या मध्ये अडकलेली लिफ्ट.

"त्यापेक्षा ती रोजची गोळीच बंद केली तर?" ह्यांनी विचारलं.

"नाही हं," डॉक्टरीणबाई एकदम गंभीर झाल्या. "कॅन्सर परत येऊ नये म्हणून ती आहे. हाडं सांभाळायला आपल्याकडे उपाय आहेत. आपल्या मनानं गोळी सोडायची नाही."

ह्यांनी मान हलवली. पण मनातून मानलं नव्हतं, हे मला मानेवरूनच कळलं.

दुसऱ्या दिवशी कामावरून आले, दार उघडलं, पाऊल टाकलं, आणि पाऊल आतच गेलं! घरभर गालिचे. गालिच्यांवर सतरंज्या. सतरंज्यांवर गाद्या. खिडकीतून उन्हाची तिरीप आलेली, तिच्यात धूळ तरंगत होती, आणि मधोमध हे, खांद्यावर आणखी एक वळकटी घेऊन उभे!

"अहो, हे काय?"

"डॉक्टर म्हणाल्या ना, गालिचे काढा. काढले!"

"काढा म्हणजे उचला हो!"

"उचलूनच तर आणले माळ्यावरून!"

शेजारच्या घरात राहणाऱ्या नणंदबाईंनी आपल्या दोन गाद्या प्रेमानं पाठवल्या होत्या. त्या दारातूनच म्हणाल्या, "असू दे गं. पडलीस तर मऊवर पडशील!"

"पण ताई, ह्यांच्यात पाय अडकूनच पडेन ना मी!"

"बघ, म्हणजे पडणार हे तुलाही माहीत आहे!"

त्या दोघा भावंडांचं एकदा ठरलं की ब्रह्मदेव खाली आला तरी त्यालाही गादीवर बसवतील.

खरं सांगू? पहिल्या दिवशी मला मजा वाटली. स्वयंपाकघरात जायचं म्हणजे ढगांवरून जायचं! पण एका पायावर उभी राहिले, की होडीसारखी डुलायची. मागे हे दोन्ही हात पसरून, क्रिकेटच्या झेलासाठी उभे! आणि सकाळ-संध्याकाळ एकच पालुपद, "ती गोळी सोड गं. हाडं मोडून घेण्यापेक्षा सोड." त्या गोळीनं माझे गुडघे, बोटांचे सांधे सकाळी आधीच आखडलेले असायचे. त्यात हे कानाशी. कधीकधी वाटायचं, खरंच सोडावी का? मग मी गोळी गिळायची आणि तोंड मिटून घ्यायची. वाद नको, आणि गोळी परत बाहेर यायला नको!

शेवटी मी युक्ती काढली. हाडांच्या गोळीच्या दिवशी लवकर दुकान गाठायचं, किल्ली होतीच. गोळी तिथेच घ्यायची, नाहीतरी अर्धा तास आडवं व्हायचं नाही, मग तेवढ्यात तोलाचा व्यायाम! दुकानात मोकळी फरशी एकाच ठिकाणी होती. दर्शनी काचेच्या आत, जिथे नमुन्याचे पडदे टांगतो तिथे.

त्या सकाळी तिथे पांढरे झिरझिरीत पडदे होते, छतापासून जमिनीपर्यंत. मी दोन पडद्यांच्या मध्ये शिरले, खांबाला हात लावला, एक पाय उचलला. ऊन आलं. पडदे दुधासारखे उजळले. पंख्याच्या वाऱ्यानं एक पडदा हळूच येऊन माझ्याभोवती गुंडाळला गेला, डोक्यावरूनसुद्धा. मी डोळे मिटले. मला दिसलं, माझी हाडं म्हणजे पांढरा दोरा आहे, आणि कुणीतरी खूप सावकाश, बारीक बारीक टाके घालत वीण घट्ट करतं आहे. कुठे दुखत नव्हतं. कुणी "पडशील" म्हणत नव्हतं. मी वाऱ्यावर वाळत घातलेल्या कापडाइतकी हलकी!

काचेबाहेर काय चाललं होतं, ते मला नंतर कळलं.

आधी एक दूधवाला थांबला. मग दोन बाया. मग शाळेच्या बसचा चालक.

"बाहुली आहे का हो?"

"छे! श्वास घेतेय."

"पडदा हलतोय तो. तुम्ही बाहुलीकडे बघा."

बघता बघता घोळका जमला, आणि गंमत म्हणजे सगळे एकदम गप्प. त्या दृश्यात म्हणे असं काहीतरी होतं, की बोलावंसं वाटेना. उकडत होतं म्हणून एका आजोबांनी टोपी काढून हातात घेतली. आणि नेमक्या त्याच क्षणी भाजीची पिशवी घेऊन आल्या आमच्या नणंदबाई!

पांढऱ्यात गुंडाळलेली भावजय. निश्चल. काचेमागे. समोर गप्प लोक. हातात टोपी.

नणंदबाईंच्या हातून पिशवी सुटली. त्यांनी भावाला फोन लावला. "अरे, ये रे लवकर! पांढऱ्यात गुंडाळलीय रे तिला! काचेत ठेवलीय! लोक बघायला आलेत, आणि आपल्याला कुणी कळवलंसुद्धा नाही!"

हे घरी दाढी करत होते. तसेच धावले. दोन गाद्या ओलांडल्या, तिसऱ्या गालिच्यात पाय अडकला, आणि एवढ्या मऊ घरात फरशीचा जो हातभर तुकडा उघडा होता, बरोब्बर त्यावर उजवा हात टेकून पडले! पण थांबतात कसले? लिफ्टची वाटसुद्धा पाहिली नाही. जन्मात पहिल्यांदा जिन्यानं उतरले!

मला जाग आली ती काचेवरच्या टकटकीनं. डोळे उघडले. समोर लख्ख उजेड, आणि त्या उजेडात आमचे हे. अर्ध्या तोंडाला पांढरा फेस, डोळ्यांतून धारा, गाल काचेला चिकटलेला. मला वाटलं, मी मेले, आणि हे माझ्या मागोमाग स्वर्गात आले, दाढी अर्धवट टाकून! एवढं प्रेम बघून मला हसू आलं.

"हसली!" नणंदबाई किंचाळल्या.

लोकांनी टाळ्या वाजवल्या. तेवढ्यात दुकानाच्या मालकीणबाई गर्दीतून वाट काढत आल्या, आणि मागून कुणीतरी विचारलं, "तो अंगावरचा पडदा केवढ्याला?"

ह्यांचं मनगट तोवर पावासारखं फुगलं होतं. टोपीवाल्या आजोबांनी दिलेला कोट हातावर टाकून ह्यांना टॅक्सीत घातलं. ह्यांनी डाव्या हातानं माझ्या कुरळ्या केसांना हात लावून बघितला, खरे आहेत का म्हणून.

"गोळी घे तू," हे एकदम म्हणाले.

"कुठली?"

"रोजची. पाचही वर्षं घे. हाड मोडलं तर जोडता येतं गं. मी आत्ता निघालोच आहे जोडायला. पण तू..." फेस पुसायचं निमित्त करून मी त्यांचा गाल पुसला. रस्ता, झाडं, सिग्नल, सगळं खिडकीतून पाण्याखालून गेल्यासारखं गेलं.

दवाखान्यात एक्स-रे झाला. मनगटात बारीक चीर. प्लास्टरच्या खोलीत शिरल्यावर ह्यांना भोवळ आली, म्हणून पडद्याआडच्या बाकावर कोट अंगावर घेऊन आडवे झाले. मी स्टुलावर टेकले. मांडीवर ह्यांचा एक्स-रे आणि सवयीनं बरोबर आलेली माझी जाडजूड फाइल. प्लास्टरवाले काका आले, फाइलवर "हाडांची घनता कमी" वाचलं, मायेनं "अरे अरे" म्हणाले आणि माझा उजवा हात हातात घेतला.

काय सांगू! आधी मऊ कापूस, मग ओल्या पट्ट्या, फेऱ्यावर फेरा. हळूहळू त्या कोमट व्हायला लागल्या. दोन वर्षांत माझ्या अंगाला दवाखान्यात ज्यानं हात लावला, त्यानं सुईच टोचली होती. आणि हे काका किती अलगद गुंडाळत होते! माझे डोळे मिटायला लागले.

"दुखतंय का बाई?"

"छे हो. अजिबात नाही!"

"छान. असंच धरून बसा, वाळेपर्यंत."

पडदा सरकला. हे डावा हात भिंतीला धरून उभे होते, उजवा तसाच फुगलेला. आधी माझ्या पांढऱ्याशुभ्र प्लास्टरकडे बघितलं, मग काकांकडे, मग माझ्याकडे.

"अगं," हे कळवळून म्हणाले, "तुझा कधी मोडला?"

आता तुम्हीच सांगा, इतक्या मायेनं गुंडाळणाऱ्या माणसाला मधेच कसं हो टोकायचं?