साफ हिरमोड

शनिवारी संध्याकाळी साडेसहा वाजले की आमच्या वरच्या मजल्यावरून आरोळी येते, "अरे मेल्या, मंत्र येतो ना तुला? मग पाना कशाला शोधतोयस!"

नवीन माणूस दचकतो. आर. के. पुरमच्या सरकारी क्वार्टर्समध्ये भिंती नावालाच असतात. समोरच्या मिसेस चोप्रा पहिल्यांदा चपला न घालताच धावत आल्या होत्या. "भाभीजी, टिपणीस साहब का प्लंबर से झगड़ा हो गया क्या?" मी म्हटलं, "प्लंबर से नहीं जी, रोबोट से." त्या दिवसापासून त्या माझ्याकडेही जरा जपूनच बघतात.

तर हे आमचे टिपणीस. आडनाव टिपणीस आणि एकतीस वर्षं एका मंत्रालयात कामही टिपणी लिहायचंच. वय एकोणसाठ, बायको सहा वर्षांपूर्वी गेली, एकुलती एक मुलगी मुक्ता घर सोडून गेलेली. पुढच्या वर्षी रिटायर होणार. आवडता शब्द 'औचित्य'. भाजीवाल्याने कोथिंबीर फुकट घातली तरी विचारणार, "इसका औचित्य क्या है?" लिफ्टमध्ये आरसा लावला, औचित्य काय? आमच्या ह्यांनी मिशी काढली तेव्हा जिन्यात थांबवून विचारलं, "तांबोळी, औचित्य?"

असा माणूस जपानी कार्टून बघायला लागला आणि आमचे शनिवार नासले. त्याला ॲनिमे म्हणायचं म्हणे. मालिकेचं नाव जपानी आहे, ते आमच्या कुणाच्या जिभेवर बसत नाही. टिपणीस तिला 'मंतरलेलं लोखंड' म्हणतात. गोष्ट अशी, की एका राज्यात चेटकिणी आहेत आणि आठ-आठ मजली रोबोट आहेत. चेटकीण रोबोटच्या छातीत बसते, मंत्र म्हणते, रोबोट सोन्यासारखा चमकायला लागतो आणि सगळे ओरडतात, "हीरो मोड!" मग तुंबळ मारामारी. मंत्राने डोंगर हलतो, पण रोबोटचा गुडघा ढिला झाला की अख्खा भाग पाना शोधण्यात जातो. मेलेली माणसं दोन आठवड्यांनी परत येतात आणि कुणालाही आश्चर्य वाटत नाही.

टिपणीस प्रत्येक भागावर रीतसर टिपणी लिहायचे. ऑफिसातल्या फायलीत असतो तसल्या हिरव्या कागदावर, डावीकडे समास सोडून, परिच्छेदांना क्रमांक देऊन. "सरकारी कागद नाही हं वहिनी, मुनिरक्याच्या बाजारातून विकत आणलाय." एक नमुना मी स्वतः वाचला आहे. 'मुद्दा चार : चेटकिणीस उडता येत असताना रोबोटास पंख पुरवण्यात आले आहेत. औचित्य नमूद नाही. मुद्दा पाच : राजा गेल्या भागात वारला होता. या भागात तो जेवताना आढळतो.' खाली सही, तारीख आणि 'अवलोकनार्थ सादर'. कुणाच्या अवलोकनार्थ, ते देवालाच ठाऊक.

मुनिरक्याच्या त्या कागदांच्या दुकानात ते कॉलेजच्या पोरांशीही भांडून आले. पोरं म्हणाली, "अंकल, वो मैजिक रिएक्टर है, समझो यार." टिपणीस म्हणाले, "रिएक्टर है तो मैजिक क्यों? मैजिक है तो रिएक्टर क्यों?" दुकानदाराने शेवटी हात जोडले.

आता मी काही गरीब गाय नाही. साताऱ्याची आहे. राग आला की भांडी आपटत नाही, सरळ माणसालाच जाऊन विचारते. शनिवारी संध्याकाळी मी रविवारच्या वर्गाची तयारी करते. कॉलनीतल्या मराठी मुलांना मी बारा वर्षं मराठी शिकवते आहे. ही दिल्लीत वाढलेली पोरं 'मला भूक लागली' पर्यंत ठीक असतात, त्यापुढे सगळा 'अच्छा, बिल्कुल, चलो ना काकू'चा कारभार. मी अनुस्वार सोडत नाही, वेलांटी सोडत नाही. अशी मी शब्दांच्या याद्या करत बसलेली आणि वरून पाना!

त्या शनिवारी माझं डोकं आधीच ठणकत होतं. आरोळी आली. दुसरी आली. तिसरीला माझ्या तळपायाची आग मस्तकात गेली आणि मी तरातरा वर गेले. दार उघडंच होतं.

"भाऊजी, पुरे झालं! इतकी भिकार आहे तर बघता कशाला? औचित्य काय?"

टिपणीस उभे होते, टीव्हीला नाक लावून. भाग संपला होता आणि पडद्यावर नावांची रांग मुंग्यांसारखी भराभर वर सरकत होती. माणूस श्वास रोखून बघत होता. मग एकदम बोट ठेवलं. "हे बघा, हे... गेलं."

"काय गेलं?"

"मुक्ताचं नाव."

मी तिथेच खुर्चीत बसले.

मुक्ता माझ्या पहिल्या वर्गातली. चित्रं छान काढायची. दोन वर्षांपूर्वी इंजिनीअरिंगची नोकरी सोडून तिने नोएडात कार्टूनची चित्रं काढायचं काम धरलं, तेव्हा टिपणीस जेवता जेवता म्हणाले होते, "रंग काय, अंगणवाडीतली पोरंसुद्धा भरतात." पोरगी ताटावरून उठली आणि त्याच संध्याकाळी बॅग घेऊन गेली. मेट्रोने तासाभराचं नोएडा, पण दोन वर्षं ना फोन, ना दिवाळी.

"जपान्यांचं काम तिच्या कंपनीकडे येतं," टिपणीस म्हणाले. "रोबोटचे गुडघे ती काढते. गुडघा आणि त्यातले बोल्ट. तिच्या चुलतभावाकडून कळलं मला. म्हणून पहिला भाग बघितला. इतका फालतू! माझी पोर या भंकस गोष्टीसाठी घर सोडून गेली? तिडीक गेली डोक्यात. ती गेल्यावर दीड वर्षाने पहिल्यांदा मेसेज केला तिला. मुद्दाम, लागावा म्हणून."

फोन त्यांनी माझ्यापुढे धरला. त्यांचा मेसेज : 'तुझी मालिका पाहिली. साफ हिरमोड.' आणि खाली तिचं उत्तर, दोन मिनिटांत आलेलं : 'बाबा!!! हीरो मोड!!! थँक यू!! मला वाटलं तुम्हाला कध्धीच आवडणार नाही. मी ऑफिसमध्ये रडतेय.'

मी तो मेसेज दोनदा वाचला. हिरमोड. पोरीला शब्दच माहीत नव्हता. बारा वर्षांत मी शेकडो शब्द घोकून घेतले, हा एक राहिला होता. लाज वाटली मला, खरंच सांगते.

"मग? खरं सांगितलं नाहीत?"

"एकतीस वर्षं ड्राफ्ट तपासतोय, वहिनी. एक काना चुकला तरी फाईल परत पाठवली. हा एकच चुकीचा ड्राफ्ट जाऊ दिला." त्यांनी चष्मा काढून उगाचच पुसला. "तेव्हापासून दर शनिवारी तेच लिहितो. साफ हिरमोड. ती हृदय पाठवते. खोटं तर मी काहीच लिहीत नाही ना? राग इथे ओरडून काढतो, नाहीतर तिकडे लिहिला जाईल. पुढच्या शनिवारी शेवटचा भाग आहे. ती म्हणतेय, घरी येऊन बघेन. आणि हा शब्द तिला कळला तर ती पुन्हा जाईल, वहिनी. या वेळी परत येणार नाही."

पुढच्या शनिवारी मीही वर जाऊन बसले, चिवडा घेऊन. मुक्ता आली होती. केस कापलेले, हातावर शाईचा डाग. बापलेक सोफ्याच्या दोन टोकांना. भाग सुरू झाला आणि मला सांगवत नाही इतका वाईट निघाला. राजा तिसऱ्यांदा मेला. गुडघा ऐन युद्धात ढिला झाला. टिपणिसांच्या गळ्याच्या शिरा तटतटल्या, पण तोंडातून अवाक्षर नाही. उशी मात्र पिळून पिळून निम्मी झाली. शेवटी कळलं, की सगळं त्या चेटकिणीचं स्वप्न होतं.

"शी!" एक आरोळी आली. टिपणिसांची नाही, मुक्ताची. ती उठून उभी होती. "स्वप्न? चोवीस भाग आणि स्वप्न? अरे, मंत्र येतो तर पाना कशाला शोधत होतात? काय औचित्य आहे याचं?"

मी टिपणिसांकडे बघितलं. माणूस चक्क मालिकेची बाजू घेऊ लागला. "नाही गं, एवढं काही वाईट नव्हतं. गुडघे फार सुरेख होते. बोल्टावर गंजसुद्धा दाखवलायस तू."

"तुम्हाला तर सगळंच आवडतं, बाबा. दर वेळी हीरो मोड." ती हसली आणि मग माझ्याकडे वळली. "काकू, खरं सांगा हां. बाबा तो शब्द चुकीचा लिहितात ना? ऑफिसमध्ये एक पुण्याची मुलगी आहे, ती म्हणाली हिरमोड म्हणजे काहीतरी वेगळंच असतं. मी म्हटलं, आमच्या काकूंना विचारते. त्या कधीच चुकत नाहीत."

टिपणीस एकदम टीव्हीपाशी गेले आणि आमच्याकडे पाठ करून उभे राहिले. मला राग आला. त्यांचा, त्या पुण्याच्या मुलीचा, दोन वर्षं एका वाक्यावर अडून बसलेल्या या दोघा हट्टी माणसांचा, सगळ्यांचाच. वर्गात मी या पोरीची एक वेलांटी कधी सोडली नव्हती.

"पुण्याच्या मुलीला काय कळतंय?" मी म्हणाले. "हीरो मोडच तो. आमच्या साताऱ्याकडे असाच लिहितात."

"बघा, मी म्हटलं होतं ना!" मुक्ता म्हणाली आणि चिवड्यात हात घातला.

टिपणीस वळले नाहीत. नावं केव्हाच संपून पडदा काळा झाला होता, तरी ते त्याला नाक लावून उभेच होते.