केकवर बारा लिहून झालंय

लँटर्न ही संगणकप्रणाली जगातल्या अर्ध्याअधिक टेबलांवर चालते. तिची नवी आवृत्ती निघाली की अमेरिकेतल्या स्पोकेन शहरातल्या मुख्य कार्यालयात केक कापण्याची प्रथा आहे. केक सहा आठवडे आधी सांगावा लागतो. त्यामुळे आवृत्ती कधी तयार होणार हे अभियंते नव्हे, बेकरी ठरवते.

मार्लीन कोवालचक एकोणीस वर्षं इथे दोष शोधायच्या कामावर होती. केकला आठ दिवस उरले असताना तिच्या लक्षात आलं की, नव्या आवृत्तीने, म्हणजे लँटर्न बाराने, पासवर्ड मागितला तर एस्केपची कळ तीनदा दाबली तरी पुरते. प्रणाली निमूटपणे आत घेते. मोझेस लेक या गावी मार्लीनची आई डॉट एकटी राहत होती. आईच्या संगणकात बँक होती, औषधांच्या चिठ्ठ्या होत्या, गेलेल्या नवऱ्याची पत्रं होती, आणि येत्या शुक्रवारी त्यावर लँटर्न बारा आपोआप बसणार होती.

"हे भोक शुक्रवारच्या आत बुजवायला हवं," तिने दोषनिवारण समितीला सांगितलं.

अध्यक्ष गॉर्डन प्रुइट यांनी शांतपणे चष्मा पुसला. "केकवर बारा लिहून झालंय, मार्लीन. केक सांगण्याआधी सापडला तर तो दोष, नंतर सापडला तर वैशिष्ट्य. नियम काय तुला नव्याने सांगायचा?"

"अरे, पण कोणीही आत शिरेल."

"कोणीही म्हणजे कोण? आजघडीला ही युक्ती किती जणांना माहीत आहे?"

"मला एकटीला."

समितीने एकमेकांकडे पाहिलं. धोका प्रणालीत नसून मार्लीनमध्ये आहे, असा निष्कर्ष इतिवृत्तात नोंदवला गेला. सुरक्षा-धोरणाच्या चौथ्या कलमानुसार धोका बाहेर ठेवावा लागतो, म्हणून त्याच संध्याकाळी तिचं ओळखपत्र बंद करण्यात आलं.

सकाळी दार उघडेना. पहारेकरी ऑर्विल म्हणाला, "कार्ड चालत नाही होय? थांबा, बाई." त्याने टेबलावरच्या संगणकाची एक कळ तीनदा दाबली. दार उघडलं.

"हे तुला कोणी शिकवलं?"

"शिकवायचंय काय त्यात? गेल्या महिन्यात चाचणी म्हणून दाराला बारा बसवली, तेव्हापासून मी पासवर्डच विसरलो. केकवाल्यालाही दाखवून ठेवलंय. त्याचे हात मोकळे नसतात ना."

मार्लीनकडून केकवाल्याचं नाव ऐकून समिती हादरली. तो कंपनीचा नोकर नव्हता, त्याला कलम चार लावता येईना. अखेर भोक बुजवायला परवानगी मिळाली, अर्थात केक खाऊन झाल्यावर. मार्लीनने जिवाचं रान केलं आणि पुढच्या बुधवारी दुरुस्ती जगभर रवाना झाली. शनिवारी ती गाडी काढून आईकडे गेली.

डॉट संगणकावर पत्ते खेळत होती. कोपऱ्यात सूचना लुकलुकत होती: महत्त्वाची सुरक्षा-दुरुस्ती तयार आहे. डॉटने सराईतपणे 'नंतर' दाबलं.

"आई, अगं हे बसवलं का नाहीस?"

"डाव मोडतो. आणि एथेल म्हणाली, ते बसवलं की एस्केपची सोय जाते. इतक्या वर्षांत तुझ्या कंपनीने एक गोष्ट धड केली, तीही मेल्यांना बघवेना."

शेजारच्या एथेलचं नाव ऐकून मार्लीन खुर्चीत बसली. "तिला काय माहीत?"

"रोज दुपारी मी झोपले की येते. तुझ्या बाबांची पत्रं वाचते. फार रडते बिचारी."

मार्लीनने सूचनेवर बोट ठेवलं. "आई, आत्ताच्या आत्ता बसव."

"बसवते गं. एवढा डाव संपू दे."

वाचकहो, तुमच्याही फोनवर अशी एक सूचना चार दिवस ताटकळते आहे. ही गोष्ट वाचून झाली की बघू, असंच म्हणालात ना?