शेवटच्या पोत्याचा खटला

पांडेलिसचं कॉफीघर बंद पडून वर्ष झालं, आणि त्याला कॉफीची पोती पुरवणाऱ्या झीसिस व्यापाऱ्यानं त्याच्यावर दावा ठोकला. शेवटच्या पोत्याचे दोनशे दहा युरो! पांडेलिसच्या खिशात दमडी नव्हती. होती ती बापाच्या वेळची चार संगमरवरी टेबलं. हरलो तर ती जाणार, या धास्तीनं त्याची झोप उडाली होती. त्या टेबलांवर अख्ख्या गावानं सोंगट्या आपटल्या, भांडणं केली, लग्नं जुळवली. काय दिवस होते ते! आता गावात माणसं तरी किती उरली होती म्हणा.

साक्षीला त्यानं दोन जुनी गिऱ्हाइकं नेली, लाम्ब्रोस न्हावी आणि आर्गिरिस बसड्रायव्हर.

"ही कॉफी प्यायलं कोण?" न्यायाधीशबाईंनी विचारलं.

"आम्हीच की!" लाम्ब्रोस म्हणाला.

"मग पैसे दिले?"

झालं! इथंच माशी शिंकली. त्यांच्या गावात स्वतःच्या कॉफीचे पैसे कुणी देतच नसे. द्यायचे ते दुसऱ्याचे, आणि आपले दुसऱ्यानं दिले तर नाक कापलं जायचं. त्या ओढाताणीत पैसे द्यायचेच राहून जात, आणि पांडेलिस भिडेखातर गप्प बसे.

लाम्ब्रोसनं पाकीट काढलं. "बाईसाहेब, सगळं माझ्याकडून."

"वा रे शहाण्या! मी मेलोय का?" आर्गिरिसनं त्याचं मनगट धरलं. "ठेव ते पाकीट आत!"

"हात सोड, नाहीतर या जन्मात तुझी दाढी करणार नाही!"

"शांत बसा!" बाईंनी टेबल बडवलं. पण ऐकतंय कोण?

झीसिस आधी नुसता लाल झाला. मग त्याला राहवेना. त्याच्यादेखत दोन म्हातारे कॉफीचे पैसे देणार आणि तो शुंभासारखा बघत राहणार? उद्या बाजारात तोंड कसं दाखवायचं?

"खबरदार कुणी पैसे काढाल तर!" तो गरजला. "ते पोतं माझ्याकडून!"

"अहो, पण दावा तुमचाच आहे ना?" बाई म्हणाल्या.

"म्हणून काय झालं? मी काय भिकारी आहे?"

दावा तिथंच निकालात निघाला. त्या संध्याकाळी पांडेलिसनं कॉफीघराचं कुलूप काढलं, टेबलं पुसली आणि डब्याच्या तळाशी उरलेली कॉफी पितळी भांड्यात चढवली. चौघे बसले. सोंगट्यांचा तो जुना खडखडाट कानावर पडला आणि त्याला भडभडून आलं. दुसऱ्या फेरीची कॉफी करायला म्हणून तो डोळे पुसत आत गेला, तर डबा रिकामा.

तो बाहेर येऊन जरा घुटमळला.

"झीसिस, बाबा, उद्या एक पोतं टाकशील का? पैशांचं मागाहून बघू."