अभिमननानांनी पैसे काढले

"पोस्टात टाका," सुलक्षणाबाई म्हणाल्या. "दर तीन महिन्यांनी व्याज येईल. घ्या आणि झोपा."

"आणि महागाई? पाच वर्षांनी त्या व्याजात तूरडाळ तरी येईल का?"

"मग शेअरमध्ये टाका."

"आणि मंदी आली म्हणजे?"

"मग पोस्टात टाका."

धरणगावच्या अभिमन पाटलांच्या घरी नवरा-बायकोचा सकाळचा चहा असा व्हायचा. शाळेत चौतीस वर्षं लिपिकी करून अभिमननाना निवृत्त झाले, अठरा लाख हातात आले, आणि काय करायचं ते ठरेपर्यंत म्हणून ते गावातल्या पतसंस्थेत नऊ-नऊच्या दोन पावत्यांवर ठेवले. ठरायला आता तीन महिने होत आले होते. पुढचं सगळं म्हातारपण त्या अठरा लाखांवर काढायचं होतं. मुलगा नव्हता आणि जावयापुढे हात पसरायचा नाही हे दोघांनी फार पूर्वीच ठरवलं होतं.

नाना जन्माचे लिपिक. त्यांनी या विषयाची रीतसर फाईल केली. एका कागदावर शेअरचे फायदे-तोटे, दुसऱ्यावर पोस्टाच्या ज्येष्ठ नागरिक योजनेचे, खाली 'निर्णयार्थ सादर'. मग जागा बदलून समोरच्या खुर्चीत बसायचं, चष्मा चढवून ती वाचायची आणि 'फेरसादर करावे' असा शेरा मारायचा. असं चारदा झालं. टीव्हीवर टाय लावलेला एक गृहस्थ रोज संध्याकाळी मंदी दाराशी आली म्हणून सांगत होता, आणि नाना खरोखरच दाराकडे पाहत होते.

त्यांना धीर द्यायचं काम रतिलालशेठ करायचे. शाळेपासूनचा दोस्त, बी-बियाण्यांचं दुकान, आणि दुकानातच सून रूपल हिचं म्युच्युअल फंडाचं टेबल.

"अभिमन, तू अजून वीस वर्षं जगणार," रतिलाल म्हणाले. "पोस्टाच्या व्याजावर नुसता जिवंत राहशील. अर्धे तरी टाक आमच्या रूपलकडे. बाजार पडतो आणि उठतो. छाती पाहिजे."

छातीचा उल्लेख नानांना लागला. सोमवारी सकाळी त्यांनी फाईलवर 'अर्धे मान्य' असं लिहिलं आणि बायकोला काही न सांगता पतसंस्थेत गेले.

इथं एक गोष्ट सांगायलाच हवी. गावात नानांना फार दूरदृष्टीचा माणूस समजत. काही वर्षांपूर्वी कापसाला कधी नव्हे तो भाव आला होता. आणखी वाढेल म्हणून सगळ्या गावानं कापूस घरात भरून ठेवला. माणसं ओसरीत झोपली, अंगाला खाज सुटली, पण कोणी विकेना. एकट्या नानांनी आपला विकून टाकला. पंधरा दिवसांनी भाव जो कोसळला तो पुन्हा वर आलाच नाही. तेव्हापासून नाना काय करतात यावर लोकांचा डोळा असे. खरी गोष्ट एवढीच होती की मुलीला पाहायला पाहुणे यायचे होते आणि त्यांना बसवायला बैठकीत जागा नव्हती. पण मान फुकट मिळाला तरी परत करायला कोण जातं?

पतसंस्थेत मॅनेजर हितेंद्रनं अर्ज पुढे केला. "मुदतीआधी मोडताय, नाना? कारणाचा रकाना भरा."

हितेंद्र सुलक्षणाबाईंच्या माहेरच्या नात्यातला. 'शेअर' असं लिहिलं असतं तर नाना घरी पोचायच्या आत बातमी पोचली असती. त्यांनी 'वैयक्तिक' लिहिलं आणि नऊ लाखांचा चेक खिशात घातला. मागे मंगा उभा होता. सातपुड्याच्या पायथ्याचा माणूस, वीस वर्षं धरणगावच्या कापसाच्या जिनिंगवर हमाली करणारा. त्यानं खिशात जाणारा चेक पाहिला.

"नाना, काय व्हयनं? तुम्ही पैसा काढी राहिनात?"

"काही नाही रे. सहज."

आता मंगानं काय समजावं? वाण्याकडून साखर घेताना दोनदा वजन पाहणारा माणूस नऊ लाख सहज काढतो? त्याचे स्वतःचे चाळीस हजार त्याच संस्थेत होते, शेतातल्या विहिरीवर मोटार बसवायला साठवलेले. मंगानं तिथल्या तिथं ते काढले. बाहेर येऊन जिनिंगवर फोन केला. पुढचं काम जिनिंगनं केलं.

नाना बसस्टँडवर चहा घेऊन, छाती घट्ट करून, रतिलालच्या दुकानाकडे निघाले तेव्हा पतसंस्थेपासून मेडिकलपर्यंत रांग लागली होती. मास्तर, हमाल, डेअरीवाले, भाजीवाल्या बाया, सगळ्यांच्या हातात पावत्या. आणि रांगेत सातव्या नंबरवर रतिलालशेठ.

"तू इथं?" नानांनी विचारलं.

"तीन लाख आहेत माझे इथं. तू काढलेस असं कळलं, मी दुकान तसंच टाकून आलो."

"अरे, मी तुला द्यायलाच काढले. तूच म्हणालास ना, छाती पाहिजे?"

"ते बाजाराचं. बाजार पडला तर उठतो. पतसंस्था पडली की उठत नाही. सरक जरा, नंबर जाईल."

हितेंद्र घाम पुसत पायरीवर आला आणि नानांना बाजूला घेतलं. "नाना, संस्था धडधाकट आहे. पण लोकांचा पैसा पीककर्जात गुंतलाय, तो आज संध्याकाळी कुठून आणू? असंच चाललं तर चार वाजता शटर ओढावं लागेल. आणि एकदा ओढलं की उद्या उघडूनही उपयोग नाही."

नानांना आठवलं, दुसरी नऊ लाखांची पावती आतच होती. ते पायरीवर चढले. "मंडळी, संस्था बुडत नाहीये. मी वेगळ्या कारणानं काढले."

"कोणतं कारण?" रांगेतून कोणीतरी विचारलं.

नानांनी तोंड उघडलं, तोच कोपऱ्यावरून सुलक्षणाबाई येताना दिसल्या. नानांनी तोंड मिटलं. रांगेतल्या लोकांनी ते मिटलेलं तोंड पाहिलं, एकमेकांकडे पाहिलं, आणि रांग दोन पावलं पुढे सरकली.

"काय ऐकतेय मी?" बाई पायरीशी येऊन म्हणाल्या. "संस्था बुडाली आणि ते तुम्हाला अगोदर कळलं?"

आता लपवण्यात अर्थ नव्हता. "शेअरमध्ये टाकायला काढले," नाना म्हणाले. आवाज जरा मोठाच निघाला. रांगेनं ते ऐकलं, पण कोणी जागचं हललं नाही.

बाईंनी क्षणभर नवऱ्याकडे पाहिलं. "मग भरा परत."

"आणि खरंच बुडाली तर? अठराच्या अठरा जातील. हे नऊ तरी खिशात आहेत."

"तुम्ही काढले म्हणून बुडतेय ना? या लोकांना संस्था कुठे दिसते? त्यांना तुम्ही दिसता. मंदी अशीच येते, एक पळतो म्हणून दुसरा. मी एक पाहिलीय."

"कुठे पाहिलीस?"

"घरी सांगते. अगोदर भरा."

नानांनी खिशावर हात ठेवला. तिथं निम्मं म्हातारपण होतं. रांगेत उरलेल्या माणसांचंही काही ना काही आत होतं, कोणाची मोटार, कोणाचं छप्पर, आणि त्यातला प्रत्येक जण त्यांच्या हाताकडे पाहत होता. इतकी भीती त्यांना टीव्हीवरच्या गृहस्थानंही कधी घातली नव्हती. ते आत गेले, खिडकीवर चेक भरला आणि पावती वर धरून बाहेर आले.

मंगा चाळीस हजार रुमालात बांधून अजून तिथंच घुटमळत होता. "नाना, आते मी काय करू?"

"तुझे पैसे आहेत मंगा, तू ठरव. मी तर भरले."

मंगानं जरा विचार केला आणि रुमालाची गाठ सोडत आत गेला. त्याच्यामागे रांग शेपटाकडून विरघळायला लागली. सगळ्यात शेवटी रतिलालशेठ हलले. व्याजदर विचारायला आलो होतो, असं ते जाताना दोघा-तिघांना सांगत होते.

घरी सुलक्षणाबाईंनी पाण्याचा तांब्या पुढे ठेवला आणि बिबड्यांचा डबा काढायला उठल्या. ज्वारीचे पापडासारखे बिबडे करून विकायचा त्यांचा जुना उद्योग, पुण्याच्या ऑर्डरी रूपल मिळवून द्यायची.

"बिबड्यांचे पैसे अकरा वर्षं रूपलकडेच टाकते मी," त्या डब्याशी बोलावं तसं म्हणाल्या. "फंडात. महिन्याला हजार."

नानांचा तांब्या ओठांशीच थांबला. "शेअरमध्ये? तू?"

"लॉकडाऊनच्या वेळी बाजार खूप पडला होता. रूपलचा फोन आला, काकू, सगळे काढतायत, तुमचंही काढू का? माझे हात पिठात. म्हटलं, बिबडे वाळू दे, मग सांगते. मग राहूनच गेलं."

"आणि मला पोस्ट पोस्ट करत होतीस?"

"अहो, तुमच्यासाठी. त्या वर्षी कापूस विकून टाकल्यावरसुद्धा तुम्ही महिनाभर पहाटे उठून भाव बघत होतात. घरात एक बोंड नव्हतं. शेअर पडले तरी उठतील हो, तुमचं काय?"

नानांनी तांब्या खाली ठेवला. तीन महिने ते पैसे तोलत बसले होते आणि बायको त्यांना तोलत होती, आणि तिचं माप बरोबर होतं. त्यांना लाज वाटली आणि त्याहून जास्त तिच्याबद्दल माया वाटली. "आता किती झालेत तुझे?" त्यांनी हळूच विचारलं.

"पाहिले नाहीत. तुम्हीही पाहू नका."

फाईलवर त्या संध्याकाळी शेवटचा शेरा पडला: 'पोस्ट. मान्य.' अडचण एकच होती, पैसे पुन्हा काढायचे कसे? नानांनी हितेंद्रला आठ दिवस अगोदर कळवलं आणि पतसंस्थेच्या फळ्याशेजारी सहीनिशी सूचना लावून घेतली: 'अभिमन पाटील हे आपली रक्कम केवळ पोस्टात ठेवण्यासाठी काढत आहेत. संस्थेची प्रकृती उत्तम आहे. कोणीही दुसरा अर्थ काढू नये.' कोणी काढला नाही. पतसंस्थेत त्या दिवशी शुकशुकाट होता.

नाना निर्धास्तपणे पोस्टात गेले आणि अर्ज भरायला बसले. मागे खोकल्याचा आवाज आला म्हणून वळून पाहिलं, तर दारापासून रस्त्यापर्यंत रांग होती, आणि त्यांच्या अगदी पाठीशी रतिलालशेठ कोरा अर्ज घेऊन उभे होते.

"तू? आणि पोस्टात?"

"काही नाही रे," रतिलाल म्हणाले. "सहज."