खोकायची उशी

आजाऱ्याला भेटायला लोक मोसंबी नेतात; आमचे पांडूमामा उशी नेतात. लष्कर मोहल्ल्यात कुणाचं पोटाचं ऑपरेशन झालं की दुसऱ्या दिवशी हे खाटेशी हजर. गळ्यात मापाची टेप, काखेत स्वतः शिवलेली घट्ट उशी आणि ‘कसं काय’ विचारायच्या आधीच हुकूम: “खोक की!”

मामा आमच्या गल्लीतले शिंपी. खोकणारा माणूस जगाला नकोसा होतो, यांना न खोकणारा खपत नाही. एकदा गिऱ्हाइकाच्या साडूचं अपेंडिक्स काढलं म्हणून बस पकडून थेट परगावी, एच. डी. कोट्याला गेले. तो बिचारा यांना ओळखतही नव्हता. “ओळख कशाला? पोट कापलंय न्हवं?” हे मामांचं उत्तर.

माझं पित्ताशय काढलं तेव्हा मात्र त्यांना दाद द्यायची नाही असं मी ठरवलं होतं. व्यायाम शिकवणाऱ्या बाईंनी श्वास ओढून तीन चेंडू वर उचलायचं यंत्र दिलं होतं. “खोल श्वास घ्या, खोका, चाला, नाहीतर छातीत कफ साठून न्यूमोनिया होईल,” असं बजावून त्या गेल्या आणि मी यंत्र मोसंब्यांमागे सारलं. साधा श्वास घेतला तरी पोटात कळ यायची. दुसऱ्या दिवशी अंगात कसर आली, छाती घरघरू लागली, तरी मी आपली ढिम्म.

मामांनी आल्या आल्या यंत्र हुडकून काढलं. “हे काय सुम्ने, उगाच शोभेला ठेवलंय? उशी पोटाशी धर. स्वल्प दाबून, टाक्यांना आधार. आता खोक गं, कणम्मा.”

“टाके उसवतील, मामा.”

मामा स्टुलावर बसले.

“हेच मी बोललो होतो. आमच्या सरसूला.”

सरसूमामी म्हणजे त्यांची बायको. मी लहान असताना ती ऑपरेशननंतर गेली, एवढंच मला ठाऊक होतं.

“नर्सबाई ‘खोक’ म्हणत होती. मी म्हटलं, ऐकू नको, नव्या शिवणीला ताण द्यायचा नसतो. शिंप्याची बायको की! टाक्याचं दुसऱ्या कुणाचं ऐकणार? गप पडून राहिली. छाती भरली गं तिची. शेवटपर्यंत टाका एक पण उसवला नाही.”

मला भडभडून आलं. रडलं तरी पोट दुखतं, हे तेव्हा कळलं. मी उशी पोटाशी कवटाळली, श्वास भरला आणि खोकले. डोळ्यांपुढे काजवे चमकले, पण कफ सुटला.

मामा वाकून बघत होते. “उसवलं?”

“नाही.”

“खरंच नाही न्हवं?”

“एक पण नाही, मामा,” मी म्हणाले आणि त्यांची खात्री पटावी म्हणून आणखी एकदा खोकले.