अंताभाऊंचा शटडाऊन

अंताभाऊ देवासाठी कधी उपास करत नाहीत. एकादशी नाही, संकष्टी नाही, वहिनी होत्या तेव्हा त्यांनी हात जोडले तरी महाशिवरात्रसुद्धा नाही. ते उपाशी राहतात ते फक्त दुसऱ्याच्या रक्ततपासणीसाठी. आदल्या रात्री नऊनंतर जेवण बंद, सकाळी चहा नाही, बिडी नाही. सुई टोचून घेणारा वेगळाच, आणि शेजारी बाकावर बसून जगावर चिडचिड करणारे हे. "सोबत म्हणजे सोबत," म्हणतात. "तू उपाशी नि मी वडा खातोय, ही काय माणसाची रीत झाली?"

आमच्या निडी गावात बिडी-सिगारेट ओढणारा आणि संध्याकाळी 'बसणारा' असा एक माणूस त्यांनी सोडलेला नाही. एकेकाला धरून पेणला नेलंय आणि तपासून आणलंय. स्वतः मात्र कधी दंड पुढे केला नाही. रोजचं एक बंडल बिड्या, जेवणाआधी दोन पेग, आणि वर शहाणपण आम्हाला.

धाटावच्या एका केमिकल कंपनीत ते बॉयलरवर होते. मीही तिथेच, अजून आहे. भाऊ निवृत्त होऊन सात वर्षं झाली, पण बोलणं बॉयलरचंच. "दरसाल शटडाऊन घेऊन बॉयलर उघडतात. इन्स्पेक्टर आत डोकं घालून बघतो. नि तू? जल्मल्यापासून चालूच! एकदा उघडून बघायला तुझ्या बापाचं काय जातंय?" कुणाचाही एक्स-रे हातात आला की तो उन्हाकडे धरायचा, डोळे बारीक करायचे आणि निकाल द्यायचा, "काजळी हाय." डॉक्टरांनी काही का लिहिलेलं असेना. हे सांगताना बोटांत पेटलेली बिडी असायचीच.

कंपनीच्या वार्षिक तपासणीआधी आमचे लोक आठ दिवस सगळं सोडून साधू होतात. त्यांचा भाऊंना भारी राग. "पाहुणे यायचे म्हणून घर झाडलंस," ते म्हणायचे, "राहतोस तर उकिरड्यातच ना?"

माझी पाळी आली ती नाइट करून आल्यावर. त्या रात्री बायकोने डबाच दिला नव्हता. विसरली असेल म्हणून मी उपाशीपोटी शिफ्ट ओढली. सकाळी घरी येऊन बूट काढतोय तोच दारात अंताभाऊ, आंघोळ करून, इस्त्रीचा शर्ट घालून. डबा का नव्हता ते तेव्हा कळलं.

"चल," म्हणाले.

"भाऊ, अंगात जीव नाय हो."

"जीव हाय तवरच न्यायचं असतं."

वाद घालायला ताकद लागते. ती नव्हती, म्हणून गेलो. पेणला दवाखान्यात फॉर्म भरणाऱ्या ताईंनी विचारलं, "दारू घेता?"

"कधीमधी," मी म्हणालो.

मागून आवाज आला. तेव्हा भाऊंचा आवाज असा होता की स्टेशनात हाक मारली तर आमच्या पडवीत ऐकू यायची. "ताई, कधीमधी नाय! गुरवार नि संकष्टी सोडून, असं लिवा. सिगारेट बारा. घरात चार सांगतो!"

समोरच्या बाकावर माझे चुलत सासरे बसले होते. त्यांनी वर्तमानपत्र खाली केलं. धरणी पोटात घेईल तर बरं, असं झालं मला. बाहेर येऊन मी कडाकडा भांडलो, तर भाऊ शांत. "बायकोशी खोटं बोललास तर निभतं रे. डॉक्टरशी बोललास तर तो भलत्याच माणसाला औषध देतो."

माझं प्रेशर वाढलेलं निघालं, लिव्हरला सूज निघाली. आता गोळ्या चालू आहेत, सिगारेट तिनावर आलीय आणि संध्याकाळी मी बायकोबरोबर मालिका बघतो. ती शिक्षा वेगळी. पण त्या दिवशी ओढून नेलं नसतं तर मी झोपून गेलो असतो, हे खरंय.

मग गणपती गेले आणि भाऊंचा आवाज बसला. पाण्याचा फरक म्हणाले. दिवाळी गेली तरी बसलेलाच. ज्येष्ठमध झालं, हळदीचं दूध झालं, मिठाच्या गुळण्या झाल्या. समोर बसलेल्या माणसालासुद्धा त्यांचं बोलणं ऐकू येईना. घास गिळताना मान खाली घालायला लागले. आम्ही सगळे त्यांच्या मागे लागलो. मी तर रोज. नाइट करून डोळे चुरचुरत असायचे, तरी त्यांच्या ओटीपुढे थांबायचो, "भाऊ, पेणला जाऊन या. थट्टा नाय ही."

"परमिट नाय मिळालं," ते पुटपुटायचे आणि आत जायचे. कंपनीत सहीच्या परमिटशिवाय काही उघडता येत नाही, म्हणून हा विनोद. मला हसू येत नव्हतं, संताप यायचा. अख्ख्या गावाला शिकवतो आणि स्वतः घाबरतो हा माणूस, असं वाटायचं.

गेल्या महिन्यात माझी पुन्हा तपासणी होती. पहिल्यांदाच भाऊ म्हणाले, "तू जा." एकटाच गेलो. ताईंनी मला ओळखलं.

"ते काका बरे आहेत ना? चारदा येऊन गेले. घशात दुर्बीण घालून तुकडा काढायचाय, डॉक्टरांनी कधीच सांगितलंय. पण त्याला सहीला नातेवाईक लागतो. दर खेपेला म्हणतात, मुलगा येतोय, गाडी लेट आहे. दुपारपर्यंत बसतात आणि निघून जातात."

अंताभाऊंना मुलगा नाही. मुलगीही नाही. वहिनी जाऊन सहा वर्षं झाली.

पॅसेंजरने निडीला उतरलो तो घरी न जाता सरळ त्यांच्याकडे. ओटीवर सुपात वाल निवडत बसले होते.

"एवढ्या माणसांना नेलंत," मी ओरडलोच, "त्यातल्या एकाला चल म्हणता येत नव्हतं?"

त्यांनी सुपातला एक खडा वेचून बाहेर टाकला. मग त्या फाटक्या आवाजात म्हणाले, "तुमाला मी वढून नेलं. मला कोण न्यायचा तर त्याला आपसूक वाटायला पायजे ना, सुनील. नि मी इचारलं असतं नि कोण बोलला असता, ड्युटी हाय... मग परत त्याच्या दारात कसा गेलो असतो मी?"

'जाऊन या' असं मी त्यांना शंभरदा म्हणालो असेन. 'चला' असं एकदाही नाही. लाज वाटली, फार लाज वाटली.

परवा रजा टाकली आणि त्यांच्या दारात जाऊन म्हणालो, "चला." त्यांनी चपला घातल्या.

दवाखान्यात फॉर्म पुढे आला. "पेशंटशी नातं?" ताईंनी विचारलं.

"शेजारी लिवा," भाऊ घाईघाईने म्हणाले.

मी पेन घेतलं, 'मुलगा' असं लिहिलं आणि सही केली. माझं वय बावन्न, त्यांचं सदुसष्ट. ताईंनी दोन्ही आकडे वाचले, आम्हा दोघांकडे एकदा बघितलं आणि शिक्का मारला.

आत जाताना भाऊंनी चष्मा, घड्याळ आणि बिडीचं बंडल माझ्या हातात दिलं. "येळ लागंल," म्हणाले. "कंटाळलास तर जा बरं का."

"नाय जात."

दार लागलं. दोन मिनिटं गेली असतील, तेवढ्यात ते उघडून नर्सने डोकं बाहेर काढलं. "काका विचारतायत, मुलगा बाहेर आहे का म्हणून."

"आहे," मी म्हणालो. "सांगा त्यांना, इथेच बसलाय."